साथ सोडणं, टाकून देणं

आज भाचीच्या वहीत ‘डेझर्ट’ आणि ‘अबँडन’ या दोन्ही शब्दांपुढे एकच अर्थ दिसला: सोडून देणे. मला राहवेना. कायद्यात जोडीदारानं सबळ कारणाशिवाय साथ सोडून सलग २ वर्षं पाठ फिरवली, तर ते ‘डेझर्शन’; १२ वर्षांखालचं मूल कायमचं टाकून दिलं, तर ‘अबँडनमेंट’. साथ सोडणाऱ्याला जाब तरी विचारता येतो. दुपट्यातलं मूल कुणाला विचारणार? त्याला कुणीतरी उचलूनच घ्यावं लागतं. आपल्या जिल्ह्यात, पंढरपुरात, अशा मुलांसाठी १८७५ साली बालकाश्रम उभा राहिला. भाचीनं ‘सोडून देणे’ खोडलं आणि सावकाश लिहिलं: साथ सोडणे, टाकून देणे. दुसरा शब्द लिहिताना तिची पेन्सिल क्षणभर थांबली.