खाऱ्या पाण्याचा मुलूख

मीठ ही दुकानातून पुड्यात आणायची वस्तू आहे, हे मला मुंबईला आल्यावर कळलं. शिरोड्याच्या आमच्या घरी ते पावसाळ्याच्या बेगमीबरोबर पोत्याने यायचं, थेट मिठागरातून. जाडं, ओलसर, किंचित मातकट. आजी ते रांजणात भरून ठेवायची आणि वर्षभर सगळं त्यातूनच निघायचं. कैऱ्या खारवायच्या, फणसाचे गरे मिठाच्या पाण्यात घालायचे, बांगडे सुकवायचे, तिन्हीसांजेला पोरांची दृष्ट काढायची. नव्या घरात राहायला जाताना आधी मीठ जायचं, मग माणसं.

1930 साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा आजी लहान होती. त्या दिवसांतली गर्दी आणि लाठ्या तिने पाहिल्या होत्या. तारखा तिला सांगता येत नसत. ती एवढंच म्हणायची, "समुद्र आमचो, मीठ आमचां, आनी कर मात्र सायबाक!" हे म्हणताना तिचा आवाज पन्नास वर्षांनंतरही चढायचा.

पुढे नोकरीत असताना लोकलच्या खिडकीतून भांडुप-मुलुंडची मिठागरं दिसायची. वाफ्यांत साचलेलं आभाळ आणि बांधावर मिठाचे पांढरे ढीग. ते दिसले की मला घरी आल्यासारखं वाटायचं. स्वयंपाकघरात मात्र तोवर बारीक, कोरडं, आयोडीनयुक्त मीठ आलं होतं. गलगंडाचा विचार करता ते यायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रांजण गेला आणि मीठ कुठून येतं हे घरातल्या मुलांना सांगायचं राहून गेलं.

मुलगी शिकायला फ्रान्समध्ये नांतला गेली आणि तिच्याकडे राहायला गेले असताना आम्ही गेराँदला गेलो. मध्ययुगीन तटबंदी जवळपास सलग शाबूत असलेलं हे छोटं ब्रेटन शहर. चार दरवाजे, त्यांतला पूर्वेचा सँ-मिशेल दरवाजा एखाद्या गढीसारखा भक्कम. ब्रिटनी, म्हणजे ब्रेटन लोकांचा मुलूख, हे मध्ययुगात स्वतंत्र ड्यूकचं राज्य होतं. गादीसाठी वीसेक वर्षं चाललेलं युद्ध संपवणारा तह 1365 साली याच शहरात झाला. बाल्झाकने आपल्या 'बेआत्रीक्स' कादंबरीची सुरुवात इथेच केली आहे. आतल्या दगडी गल्ल्या, चर्च, दुकानं हे सगळं सुंदर आहेच, पण अशी गावं युरोपात आणखीही सापडतात. गेराँदचा जीव तटाबाहेर आहे.

तटाबाहेर पडून उतारावरून खाली पाहिलं आणि मी थांबलेच. समोर सुमारे 2000 हेक्टर खाजण पसरलेलं, मातीच्या बांधांनी हजारो वाफ्यांत विभागलेलं. मोठ्या भरतीचं पाणी आधी एका तळ्यात घेतात. तिथून ते वाफ्यावाफ्यांतून, केवळ उताराच्या जोरावर, सावकाश फिरवतात. वाटेत ऊन आणि वारा त्याला दाट करत जातात. शेवटच्या वाफ्यात पाणी जेमतेम बोटभर उरतं. तिथे एक मीठकरी लांब दांड्याच्या लाकडी फळीने काम करत होता. तो फळी मिठाला लावत नव्हता. पाण्याला हलकेच ढकलायचा, उठलेली लाट तळाचं मीठ कडेला घेऊन यायची आणि खालच्या चिकणमातीला धक्का लागत नसे. मनगटाची ती हालचाल मी ओळखली. शिरोड्याच्या आगरात तीच पाहत मी वाढले होते. संध्याकाळकडे पाण्यावर जी पातळ साय धरते, ती फुलासारखी हलकी कणी वेगळ्या अवजाराने अलगद काढतात. जगभर महाग विकलं जातं ते हेच मीठ. पूर्वी इथल्या बायका मीठ लाकडी पाट्यांतून, डोक्यावर घेऊन, बांधांवरून अनवाणी वाहायच्या.

आणि कर? तोही होताच. 'गाबेल' हा मिठावरचा कर फ्रेंच राजांनी शतकानुशतकं वसूल केला. ब्रिटनीने फ्रान्समध्ये सामील होताना जे हक्क राखले, त्यांत या करातून सूट होती. त्यामुळे सीमेच्या अलीकडे मीठ स्वस्त आणि पलीकडे कित्येक पट महाग. मग चोरटा व्यापार आलाच. कुत्र्यांच्या अंगावर मिठाच्या पिशव्या बांधून त्यांना रात्री सीमेपार सोडत. पकडलेल्या माणसांना राजाच्या गलबतांवर वल्ही मारायला धाडत. हा कर 1790 मध्ये क्रांतीने रद्द केला. स्वस्त मिठाची सवय मात्र राहिली: ब्रेटन घरात आजही ब्रेडला लावायचं लोणी खारं असतं, बाकीच्या बऱ्याच फ्रान्समध्ये बिनमिठाचं. या कराची गोष्ट ऐकली तेव्हा मला आजीचा चढलेला आवाज आठवला.

आज गेराँद सरकारी नकाशावर ब्रिटनीत नाही. 1941 साली, दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्सच्या विशी सरकारने नांतसह गेराँदचा हा जिल्हा ब्रिटनीपासून तोडला. युद्ध संपलं, ते सरकार गेलं, पण पुढे प्रांतांची आखणी झाली तेव्हा हा जिल्हा शेजारच्या प्रांतातच ठेवला गेला. 2016च्या फेररचनेतही तो तिथेच राहिला. गावात मात्र काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा ब्रेटन झेंडा घरांवर, दुकानांवर, गाड्यांच्या मागे दिसत राहतो. बेळगाव-निपाणीची आठवण मराठी माणसाला इथे होणारच. शेजारच्या किनाऱ्यावरच्या मीठकऱ्यांच्या वस्त्यांत ब्रेटन भाषा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बोलली जात होती, आता तिथे ती घरात उरलेली नाही. भाषा गेली, प्रांत गेला, तरी ही माणसं स्वतःला ब्रेटन म्हणवतात ते कशाच्या बळावर, याचं उत्तर मला त्या वाफ्यांत दिसलं.

कारण हे खाजणसुद्धा जाणारच होतं. शेजारी ला बोल हे पर्यटकांचं मोठं ठिकाण. 1970च्या सुमारास मिठाचा धंदा मोडकळीला आला होता, आणि खाजणातून रस्ता, बोटींसाठी धक्का अशा योजना पुढे आल्या होत्या. जुने मीठकरी आणि बाहेरून आलेले तरुण एकत्र आले, लढले, 1972 मध्ये त्यांनी उत्पादकांचा संघ उभा केला, पुढे हा व्यवसाय शिकवण्याचा अभ्यासक्रमही सुरू झाला. आज तिथे सुमारे 300 मीठकरी आहेत, त्यांत बायकाही आहेत. 2012 मध्ये गेराँदच्या मिठाला युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं.

इकडे मुंबईत मात्र 2024 मध्ये मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची सुमारे 256 एकर मिठागरं घरबांधणीसाठी देण्याचा निर्णय झाला. मुंबईला घरं हवीत हे खरं, पण ही जागा रिकामी पडली होती असं कुणी म्हटलं तर ते मला मान्य नाही. तिथे मीठ पिकत होतं, आणि भरतीचं पाणी विसावत होतं. पेण-उरणकडे, गोव्यात आगरवाड्याला अजून मीठ पिकतं. उन्हाळ्यात त्या वाटेने गेलात तर गाडी थांबवा, मीठकऱ्याशी दोन शब्द बोला, लोणच्याला आणि खारवायला लागेल तेवढं जाडं मीठ त्याच्याकडूनच घ्या. आणि भाव करू नका.