दिल्ली दरवाजा ते पेशवे दफ्तर

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेला तोंड करून उभा आहे. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून ठोकलेले अणकुचीदार खिळे आजही बोटांना टोचतात. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, तेव्हा अर्ध्या हिंदुस्थानच्या चौथाईचे हिशेब या गावात होत. राज्य वाढवण्याची भूक इंग्रजांसारखी पुण्यालाही होतीच.

तिथून रिक्षाने मुळा-मुठेच्या संगमावर आलो. इंग्रजांची रेसिडेन्सी याच परिसरात होती. पहिला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुण्यात आला. आदल्या वर्षी तो सुरतेहून उज्जैनमार्गे उत्तरेला गेला, तेव्हा चार्ल्स रेनॉल्ड्स हा सर्वेक्षक बरोबर वाट मोजत चालला होता. पुण्यात मॅलेटने जेम्स वेल्स या चित्रकाराला आणले. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या गंगाराम तांबटांनी वेरूळची लेणी रेखाटली. मुलूख हाती येण्याआधी त्याच्या वाटा, माणसे, देवळे कागदावर उतरत होती.

संगमावरून खडकीकडे निघालो, की वाट रेसिडेंट एल्फिन्स्टनची. खडकीच्या लढाईच्या दिवशी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, तो मुळा ओलांडून आपल्या पलटणींना जाऊन मिळाला. मागे रेसिडेन्सी जळाली, तीत त्याची पुस्तकेही गेली. पेशवा दुसरा बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता. मैदानात पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांचे घोडदळ दौडत निघाले आणि वाटेतल्या दलदलीत रुतले. मराठ्यांकडचे मोरो दीक्षित पडले. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, तेही इंग्रजांना मिळालेल्या बाळाजीपंत नातूंच्या हातून.

पुढे खडकीजवळच्या गणेशखिंडीत गव्हर्नरचा बंगला उभा राहिला. आज तिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. झाडांखाली स्पर्धा परीक्षांच्या गप्पा रंगल्या होत्या. त्यातल्या अनेकांना व्हायचे आहे कलेक्टर, आणि हे पद पुण्याला दिले ते १८१८ नंतर एल्फिन्स्टननेच.

शेवटचा मुक्काम बंडगार्डन रस्त्यावरचे पेशवे दफ्तर. इथे मोडी कागदांचे रुमाल रचलेले आहेत. इंग्रजांनी वाडा जिंकला, पण कागद जाळले नाहीत. कोणाचे इनाम, कोणाचे वतन, कोणत्या गावाचा वसूल किती, हे त्यांतूनच कळणार होते. पुढे इनाम कमिशनने हेच कागद पुढे करून कित्येकांची इनामे तपासली आणि काढूनही घेतली.

तरी कागद कायम एकाच धन्याचे राहत नाहीत. १९३० ते १९३४ दरम्यान गोविंद सखाराम सरदेसाईंनी या रुमालांतून ४५ खंड काढले. त्यासाठी सरकारकडे शब्द टाकला बंगालच्या जदुनाथ सरकारांनी. वसुलीसाठी जपलेल्या कागदांतून मराठी माणसाला आपला इतिहास वाचता आला, पराक्रमासकट आणि भाऊबंदकीसकट. पुणे पाहायला येणारे वाड्यावरूनच परततात. त्यांनी हे दफ्तरही पाहावे. राज्य कसे गेले ते खडकीत समजते. ते कसे चालत होते आणि परक्यांनी कशाच्या बळावर चालवले, हे इथेच.