कागदाच्या वशिल्याने

एसीची पहिली थंडी मी खाल्ली ती कागदाच्या वशिल्याने. मालवणहून मुंबईला आलो आणि प्रभादेवीच्या एका छापखान्यात मुद्रितशोधनाला लागलो. आम्ही प्रूफं वाचणारे माळ्यावर. डोक्यावर खडखडणारा पंखा, आणि प्रूफं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर शिशाचे तुकडे. खाली ऑफसेटच्या खोलीत मात्र एसी. दिवाळी अंकांचं काम ऐन ऑक्टोबरात चाले. त्या दिवसांत काही ना काही शंका काढून मी खाली जायचो आणि मशीनमनने हाताची शाई पुसेपर्यंत उगाच रेंगाळायचो. हाकलत कोणी नसे, पण दार उघडं टाकलं की ओरडा बसे. थंडी माणसांसाठी नव्हतीच. दोनरंगी यंत्रावर चाररंगी मुखपृष्ठ दोन खेपांत छापायचं. मधल्या वेळात कागद हवेतली ओल पिऊन केसभर जरी फुगला, तरी उरलेले दोन रंग जागेवर बसत नाहीत. नटीच्या ओठांची लाली हनुवटीवर उतरते.

एसीचा जन्मच मुळी या दुखण्यातून झाला, हे पुढे कधीतरी वाचनात आलं. 1902 साली ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यात रंग जुळेनात, म्हणून विलिस कॅरियर या पंचविशीतल्या इंजिनिअरने हवेतली ओल आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखून दिली. दमट हवा थंड नळ्यांवरून फिरवायची, तिच्यातलं पाणी तिथेच धरायचं आणि कोरडी हवा पुढे सोडायची. माणसांचा नंबर त्यानंतर लागला. आमच्या किनाऱ्यावर एसीचं खरं काम अजूनही हेच आहे, पण दुकानात हे कोणी सांगत नाही. तिथे टन आणि तारे मोजतात.

मे महिन्यात मालवणचा पारा तेहतीस-चौतिसाच्या पुढे सहसा जात नाही. नागपूरकर त्याला उन्हाळा म्हणायलाही तयार होणार नाही. पण तिथे कूलरने भागतं, कारण कोरड्या हवेत पाणी उडतं आणि उडताना गारवा देतं. इथे हवेतच पाणी काठोकाठ; अंगावरचा घाम जाणार कुठे? दीड टनाच्या एसीची ताकद साधारण सव्वापाच किलोवॉट उष्णता बाहेर फेकण्याची. त्याच्या नळीतून तासाला दीड लिटर पाणी पडत असेल, तर त्यातला एक किलोवॉट नुसता वाफेचं पाणी करण्यात खर्ची पडला. आकड्यात न दिसणारं हे कामच आपल्याला हवं असतं.

दहिसरच्या आमच्या घरात पहिला एसी आला तो मेहुण्याची बदली झाली म्हणून. खिडकीत बसणारा, दीड टनाचा, आणि आमची खोली दहा बाय दहा. सगळ्यांना वाटलं, चंगळ झाली. पाच-दहा मिनिटांत खोली गार व्हायची, कॉम्प्रेसर खट्‌कन बंद पडायचा, आणि मग चादर हाताला ओलसर लागायला सुरुवात. ओल खेचायला नळ्या बराच वेळ थंड राहाव्या लागतात. एवढं मोठं यंत्र एवढ्या लहान खोलीत तेवढा वेळ चालतच नाही. त्यातून पंखा अखंड चालू राहिला तर नळ्यांवर जमलेलं पाणी पुन्हा खोलीतच उडतं. कोंदट गारवा ही खास किनाऱ्यावरची चीज आहे. त्या एसीच्या पाठीवर कबुतरांच्या कितीतरी पिढ्या वाढल्या, एवढं मात्र त्याच्या पदरी पुण्य.

मग स्प्लिट आला, त्यामागून इन्व्हर्टर. वीज वाचली, आवाज गेला. फक्त इन्व्हर्टर मंद चालतो तेव्हा त्याच्या नळ्या फारशा थंड होत नाहीत आणि पाणी कमी धरलं जातं. मे महिन्यात हे खपून जातं. जुलैत खोलीत मुळातच सव्वीस-सत्तावीस अंश असतात. चोविसावर लावलेला एसी नावापुरता चालतो आणि कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशी चढते. रिमोटवर ‘ड्राय’ नावाचं एक बटण असतं ते याच दिवसांसाठी. बहुतेक घरांत त्याला कधी बोट लागलेलं नसतं.

मालवणचं आमचं घर कौलारू होतं तेव्हा एसीचा विषयच नव्हता. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची. पावसाळ्यात चूल दिवसभर धुमसायची आणि तिच्यावर टांगलेल्या फळीवर मिरच्या, सोलं, सुकट कोरडी राहायची. हवा तापली की तिच्यातली ओल बाधेनाशी होते, हे चूल न सांगता करायची. मग घराघरावर स्लॅब पडले, सरकत्या काचा आल्या, चुलीच्या जागी गॅस आला. दिवसभर पिऊन घेतलेलं ऊन स्लॅब रात्री अंगावर सोडतो. आईसाठी म्हणून तिथे एसी बसवला. ती आधी म्हणाली, “माझी हाडां दुखतत,” आणि दुसऱ्या उन्हाळ्यापासून दुपारी दार लावून आत बसायला लागली. 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने वीज गेली ती लवकर येईना, तेव्हा तेवढी पडवीत झोपली.

तो एसी फार टिकला नाही. मेकॅनिक आला तेव्हा बाहेरच्या युनिटचे स्क्रू गंजून एकजीव झालेले. एकेकाला तेल सोडून, ठोकून काढावं लागलं. आत सर्किटच्या पट्टीवर एक पाल वाळून चिकटलेली. मग त्याने मागच्या जाळीवर बोट फिरवलं, तर ॲल्युमिनिअमच्या पातळ पट्ट्या विभूतीसारख्या त्याच्या बोटावर आल्या. तांब्याची नळी आणि तिला चिकटलेलं ॲल्युमिनिअम यांच्यामध्ये खारट ओल शिरली की विजेचा सेलच तयार होतो, आणि त्यात ॲल्युमिनिअमचा बळी जातो. आधीच्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी गॅस भरून पैसे नेले होते. हा म्हणाला, “काका, गॅस संपत नाय. कमी झालो म्हणजे खंयतरी गळता.” गळती न शोधता गॅस भरणं हा आपल्याकडचा सर्रास चालणारा धंदा आहे, आणि त्याला सर्व्हिस म्हणतात.

त्या यंत्रात आर-22 गॅस होता. ओझोनच्या थराला बाधक म्हणून मॉन्ट्रियल करारान्वये तो मागे पडत गेला, आता आर-32. दाब वेगळा, तेल वेगळं, त्यामुळे जुन्यात नवा भरता येत नाही. नवीन घेतला तो एका टनाचा, जाळीवर निळा लेप असलेला, गॅल्वनाइज्ड स्टँडवर. जोडणी झाल्यावर नळ्यांतली हवा व्हॅक्यूम पंपाने काढून घेतली. मेकॅनिक घाईत होता, पण मी पंप आणायला लावला. नळीत राहिलेली ओल आतल्या तेलाचं आम्ल करते. ड्रेनच्या नळीला उतार नीट आहे का, तेही पाण्याचा तांब्या ओतून पाहिलं.

खरा वाद झाला तो छपरावरून. कोकणात जे दिसेल त्याच्यावर पत्रा घालायची रीत. शेजाऱ्यांनी बाहेरच्या युनिटवरही घातला आहे. मी घालू दिला नाही. पाऊस त्याला मारत नाही, उलट वाऱ्याने आणलेलं मीठ धुऊन काढतो. आडोशाला ते तसंच साचून राहतं. नोव्हेंबर ते मे पाऊस जवळजवळ नाहीच, तेव्हा हे काम माणसाने करायचं. वीज बंद करून, महिन्याकाठी, साध्या धारेने. त्यात मेमध्ये आमची विहीर मचूळ होते आणि नळाला पाणी एक दिवसाआड. आई पडवीतून ओरडली, “माणसांक पिवक पाणी नाय आणि तू मशीनीक आंघोळ घालतंस?”

तिचं म्हणणं रास्त होतं. आता ड्रेनच्या नळीखाली बादली असते. हवेतून धरलेल्या पाण्यात मीठ नसतं, आणि दमट रात्री बादली भरायला वेळ लागत नाही. सकाळी तेच पाणी जाळीवर मारायचं. उरेल त्यात आई पायपुसणी भिजत घालते.