अडलेले पाणी

नरडाण्याच्या माणसाने बोटीच्या यंत्रावर लिहायला बसावे हा आगाऊपणा आहे, हे मी आधीच कबूल करून टाकतो. आमच्या गावाला आगगाडी आहे, मुंबई-आग्रा रस्ता आहे, काळी जमीन आणि कापूस आहे. पण बोट नाही. तापी आहे, पण तीही गावाला लागून नव्हे. शिरपूरच्या वाटेवर सावळद्याच्या पुलावरून जाताना दिसते तेवढी. आमच्याकडचा माणूस नदीकडे पाहतो तो पाणी म्हणून; वाट म्हणून तिच्याकडे पाहण्याची त्याला सवयच नाही. पूर आला म्हणजे तेवढी ती वाट होते, आणि ती वाट कुणालाच नको असते.

माझी जी काय यंत्रविद्या आहे, ती विहिरीच्या काठावर शिकलेली. १९४६ साली किर्लोस्करांनी पुण्याला ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला, आणि पुढे त्या इंजिनांचा ठोका खानदेशच्या शिवारातून ऐकू येऊ लागला. आमच्या मळ्यावर वडिलांनी घेतलेले असेच एक इंजिन होते. हँडल मारायचे, चाकाला वेग आला की दाबाची कळ सोडून द्यायची, आणि मग त्या काळ्या धुराच्या पहिल्या लोटाकडे देवाच्या कौलाकडे पाहावे तसे पाहायचे. बिघडले तर धुळ्याहून फिटर आणायचा, म्हणजे एक दिवस मोडायचा आणि पिकाचे पाणी तुटायचे. तेव्हा शेतकऱ्याने फिटर होणे ही हौस नव्हती. सायकलच्या ट्यूबचे वॉशर कापणे, पंपाच्या ग्लँडमध्ये सुताची दोरी तेलात बुडवून भरणे, फूटव्हॉल्व्ह गळत असला तर शेणकाला ओतून तात्पुरती वेळ मारून नेणे, ही कामे मी कुणाकडून शिकलो ते आता आठवतही नाही. भूक लागली की माणूस जेवायला शिकतो, तसाच हा प्रकार.

असा मी २०२२ च्या दिवाळीला मुलाकडे अमेरिकेत गेलो. तो डेट्रॉइटजवळ राहतो. तिथे सेंट क्लेअर नावाचे एक सरोवर आहे. सरोवर म्हणजे आपल्या मनात लळिंगच्या वाटेवरचा एखादा तलाव येतो. हे तसे नव्हे. अकराशे चौरस किलोमीटर पाणी, आणि पलीकडचा काठ कॅनडाचा. गंमत म्हणजे एवढा विस्तार असून खोली बेताची. सरासरी दोन पुरुषांएवढी. या सरोवरात फिरायला म्हणून मुलाने एक जुनी बोट विकत घेतली होती, आणि ती आता हिवाळ्यासाठी उचलून घरामागे ट्रेलरवर आणून ठेवली होती. पत्नीला न सांगता घेतलेल्या दागिन्याचे जसे नवऱ्याला कौतुक असते आणि भीतीही असते, तसा तो तिच्याभोवती फिरत होता. (आमच्या सूनबाईंना बोट मान्य होती, बोटीवर होणारा खर्च मान्य नव्हता.)

मी बोट पाहिली नाही, यंत्र पाहिले. आणि खरे सांगतो, चकित झालो. साध्या लाँचीत इंजिन पोटात असते आणि त्याचा दांडा सरळ तळातून बाहेर जाऊन पंखा फिरवतो. दुसऱ्या प्रकारात सगळे इंजिनच बोटीच्या पाठीवर टांगलेले असते. या बोटीत मात्र दोघांचा घरोबा होता. मोटारीसारखे भलेमोठे इंजिन आत, अगदी पाठीच्या फळीला टेकून. त्याचा दांडा फळीतून बाहेर येतो, बाहेरच्या पायात शिरून काटकोनात खाली वळतो, आणि तळाशी पुन्हा काटकोनात वळून पंख्याला मिळतो. तो पाय डावीउजवीकडे वळतो, म्हणून सुकाणू वेगळे लागत नाही. उथळ पाणी आले तर वरही उचलता येतो. याला स्टर्न-ड्राइव्ह म्हणतात. जिम विन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही जोडणी स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली. कल्पना मोठी देखणी आहे. पण ज्याने कधी पंप दुरुस्त केला आहे त्याला एका दृष्टीत कळते, की फिरणारा, वळणारा आणि उचलणारा दांडा पाण्याखालच्या भोकातून बाहेर काढायचा म्हणजे पाण्याला आमंत्रणच.

ते आमंत्रण नाकारण्याचे काम एका रबरी नळीकडे आहे. पेटीच्या भात्यासारखी तिला चुण्या असतात. पाय वळला की तीही लवते. आत दांड्याचा क्रॉस-जॉइंट आणि बेअरिंग कोरडे राहावे एवढेच तिचे काम. ती चिरली की पाणी आधी बेअरिंगमध्ये जाते, बेअरिंग गंजून घुरघुरू लागते, आणि त्या घुरघुरण्याकडे दुर्लक्ष केले तर एखाद्या सकाळी बोट धक्क्याला बांधलेल्या जागीच तळाला बसलेली सापडते. एवढी मोठी बोट, आणि तिचा जीव हातभर रबरात! मी चुणी न् चुणी बोटांनी उघडून पाहिली. रबर धड होते. पायाला ठिकठिकाणी धातूचे ठोकळे जडवलेले होते, ते मात्र अर्धे खाल्लेले. वेगवेगळे धातू पाण्यात एकत्र बुडाले की त्यांची बॅटरी तयार होते आणि त्यातला हलका धातू झिजत जातो. पायाचे ॲल्युमिनियम वाचावे म्हणून त्याहून हलका धातू मुद्दाम पुढे करायचा. खाऱ्या पाण्यात जस्त चालते, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम बरे. मुलाने हे समजावून सांगितले तेव्हा मी म्हटले, ‘‘म्हणजे बळीच देता की!’’ पाडवा चार दिवसांवर होता, म्हणून सुचले.

आता एक मागचे सांगायला हवे.

१९९२ साली हा मुलगा बारा वर्षांचा होता. एप्रिलात फूटव्हॉल्व्ह बसला, म्हणून आम्ही पाइप वर ओढून तो खोलत होतो. काठावर चारपाच माणसे होती. त्याच्या हातात पाना दिला होता, तोही शेजाऱ्याकडून मागून आणलेला, आणि तो त्याच्या हातून विहिरीत पडला. मिरचीला आठ दिवस पाणी नव्हते. माझे डोके फिरले. मी मारले नाही; मारले असते तर तो विसरला असता. मी सगळ्यांदेखत म्हणालो, ‘‘तुझ्या हाताला यश नाही. तू आपली पुस्तकं वाच.’’ त्याने पुस्तके वाचली. पुढे इंजिनिअर झाला, तेव्हा पाहुणेमंडळी म्हणू लागली, की आप्पांच्या एका शब्दाने पोराचे कल्याण झाले. हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते. पण त्या दिवसानंतर त्याने माझ्यासमोर कधी पाना हातात धरला नाही. सुट्टीत घरी आला तरी साधा नळ गळत असला तर तो गावातल्या माणसाला बोलावी. ही गोष्ट आमच्या दोघांत कधी निघाली नाही. घरात एखादी खोली बंद असते, आणि सगळे जण तिला वळसा घालून चालतात, तसे तीस वर्षे चालले.

म्हणून धनत्रयोदशीच्या शनिवारी सकाळी धने-गूळ खाऊन तो म्हणाला, ‘‘आप्पा, बोटीचं काम काढतोय. येता का?’’ तेव्हा मी चहा अर्धा टाकून उठलो.

काम असे होते. तिकडच्या हिवाळ्यात सरोवर गोठते. सरोवराचेच पाणी ओढून इंजिन थंड ठेवणारी ही जात. ते पाणी आत राहिले तर गोठताना जवळजवळ नऊ टक्क्यांनी फुगते, आणि बिडाचे लोखंड फुगत नाही. ते तडकते. म्हणजे वसंतात इंजिन नव्हे, भंगार उघडायचे. आदल्या वर्षी हे काम एका दुकानाने केले होते, आणि त्याचे बिल पाहून मुलाने या खेपेला स्वतः करायचे ठरवले होते. त्याने पुस्तकातून यादी काढून भिंतीला चिकटवली होती. पायाच्या पाणी ओढायच्या भोकांवर दोन रबरी वाट्या कानपट्टीसारख्या बसवल्या, त्यांना बागेचा नळ जोडला. इंजिन कोरडे चालवले तर पंपाचा रबरी इम्पेलर लगेच जळतो. आमच्या पंपाचे इम्पेलर बिडाचे. पाणी नसले तर ते नुसते कुरकुरतात. मग पंखा लावून पोटातली हवा चार मिनिटे बाहेर काढली. पेट्रोलची वाफ जड, ती तळाशी साचते. एक ठिणगी पुरते. आमच्या डिझेल इंजिनाला टेकून विड्या ओढणारी माणसे मला आठवली.

माझी पहिली फजिती पायाच्या तेलात झाली. जुने तेल खालच्या स्क्रूतून काढले, बोटावर घेऊन पाहिले. दुधाळ असते तर पाणी शिरले म्हणायचे. ते काळेभोर, स्वच्छ निघाले. मी लगेच नवे तेल घेऊन वरच्या भोकाशी गेलो. मुलगा म्हणाला, ‘‘खालून भरायचं, आप्पा.’’ मला वाटले, थट्टा करतो आहे. तेल खालून भरतात हे मी सत्तर वर्षांत ऐकले नव्हते. पण त्याचे बरोबर होते. वरून ओतले तर हवा अडकते आणि पाय अर्धा रिकामा राहतो. खालून पंपाने चढवावे, वरच्या भोकातून बुडबुड्याविना तेल आले की आधी वरचा स्क्रू लावावा, मग खालचा. मी गप्प बसून त्याचे हात पाहत राहिलो. हात चांगले चालत होते. कुठे शिकला असेल, कुणाकडून, असे मनात आले, विचारले नाही.

मग इंजिनाचे पाणी. तो खड्ड्यात पालथा पडला, मी वरून बॅटरी धरली. डाव्या अंगाचे पितळी बूच काढले तशी गंजाळ पाण्याची धार आली. उजव्या अंगाचे काढले, तर चार थेंब. ‘‘ही बाजू रिकामीच आहे,’’ तो म्हणाला आणि यादीवर खूण करायला उठला.

मी म्हटले, ‘‘थांब.’’

दोन भावांना सारखेच वाढले असेल, तर एकाचे ताट भरलेले आणि दुसऱ्याचे कोरडे कसे? आमच्या विहिरीचे पाणी जड. इंजिनाच्या अंगात त्याचा खार बसतो, आणि भोक बुजले की पाणी आत कोंडून राहते. पाणी येत नाही याचा अर्थ पाणी नाही असा नव्हे. मी कपाटातला तारेचा हँगर मागवला, सरळ केला, आणि त्याला म्हटले, आत घाल, फिरव. आधी लाल चिखल आला, मग खपल्या आल्या, आणि मग एकदम भडभडून पाणी, तेही इतके की त्याची बाही कोपरापर्यंत भिजली. दोनतीन तांबे सहज असेल. तो त्या पाण्याकडे पाहत राहिला. यादीत हे नव्हते.

इथे मी थांबलो असतो तर गोष्ट माझ्या मोठेपणाची झाली असती. पण बूच परत देताना माझ्याच हातातून ते सुटले. सत्तरीनंतर हात थोडा कापतो. टण्‌ टण्‌ करीत ते इंजिनाखालच्या अंधारात गेले. मुलाने काठीला लावलेला लोहचुंबक काढला. पण बूच पितळेचे, ते चुंबकाला काय दाद देणार! अर्धा तास तो खांद्यापर्यंत हात घालून चाचपत होता. मी वर बॅटरी धरून उभा. तो काही बोलत नव्हता. बोलला असता तर बरे झाले असते असे मला वाटत होते.

शेवटी त्याने ओल्या मुठीत बूच वर काढले, माझ्या तळहातावर ठेवले, आणि एकाएकी अहिराणीत म्हणाला, ‘‘आप्पा, हाई काय इहीर शे का?’’

तो हसत होता. मला हसता येईना. मी म्हणालो, ‘‘तो पाना शेजाऱ्याचा होता रे.’’ माफी मागायची होती, आणि तोंडून हे निघाले. तो म्हणाला, ‘‘माहीत आहे.’’ मग आम्ही दोघे यादीकडे वळलो.

सगळी बुचे उघडीच ठेवायची असतात, म्हणजे चुकून राहिलेला थेंबही निघून जातो. ती सूनबाईंच्या शंकरपाळ्यांच्या रिकाम्या डब्यात घातली, आणि डबा दोरीने सुकाणूच्या चाकाला बांधला. वसंतात बुचे लावायला विसरून बोट पाण्यात सोडणारे महाभाग तिकडेही पुष्कळ आहेत.

पुढच्या एप्रिलात मी नरडाण्यालाच होतो. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, ओट्यावर पाणी मारून आम्ही गारव्याला बसलो होतो, तोच फोन आला. तिकडे सकाळचे नऊ. तो म्हणाला, ‘‘डबा सोडला. सगळी बुचं बसवली. ऐका.’’ आणि फोन इंजिनाजवळ धरला. एकदा घरघर झाली आणि बंद पडली. पुन्हा घरघर. मग ते पेटले. मी ओट्यावर उठून उभा राहिलो आणि एवढ्या मोठ्याने ओरडलो, की शेजारचा कुत्रा भुंकू लागला:

‘‘पानी यी राह्यनं का? मागून पानी यी राह्यनं का?’’