हिमांतील मोटार

सह्याद्रीच्या घाटांत मोटार हांकणाऱ्यास पाऊस, धुकें व चिखल यांचा परिचय असतो; हिमाचा नसतो. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांतील हिमालय आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत शिकवीत असूं. परंतु हिम चाकांखालीं कसें वागतें, तें कांहीं कालिदास सांगत नाहीं. तें ज्ञान आम्हांस १९८४ च्या हिवाळ्यांत सिमल्यास लाभलें. आमचे ज्येष्ठ बंधू तेथें नोकरीस होते आणि त्यांच्याजवळ एक जुनी अँबॅसडर होती.

ही गाडी म्हणजे मुळांत विलायतेची मॉरिस ऑक्सफर्ड. कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथें ती १९५७ च्या सुमारास तयार होऊं लागली व २०१४ मध्यें बंद झाली. तिचें यंत्र पुढें आणि जोर मागील चाकांस. म्हणून हिमाच्या चढावर तीं चाकें जागच्या जागींच गरगरत. यावर उपाय साधा. मागें सामानाच्या जागेंत वाळूचीं पोतीं ठेवावयाचीं व मागील चाकांस लोखंडी साखळ्या बांधावयाच्या. गाडी अगदींच अडली, तर तीच वाळू चाकांपुढें पसरावयाची.

रात्रीची व्यवस्था निराळी. पाणी गोठलें म्हणजे सुमारें अकराव्या हिश्शानें फुगतें आणि यंत्राचें बिडाचें अंग फोडूं शकतें. म्हणून बंधू रोज सायंकाळीं रेडिएटरचें पाणी काढून टाकीत व सकाळीं कोमट पाणी भरीत. हातब्रेक गोठून चिकटूं नये, यासाठीं तो न लावतां चाकांस दगड लावीत. थंडीनें बॅटरी मंदावली, कीं चोक ओढून हँडल मारावें लागे. त्या श्रमानें अंगास ऊब येई, हा एक लाभच!

खरी परीक्षा उतारावर. नवें, भुसभुशीत हिम तितकें घातक नसतें. दिवसा वितळून रात्रीं पुन्हां गोठलेलें, डोंगराच्या सावलींतील काचेसारखें हिम घातक. नारकंडा हें सिमल्यापासून सुमारें ६० किलोमीटर. तेथून परततांना, पुढें रस्ता मोकळा दिसल्यामुळें साखळ्या उतरविल्या होत्या. एका वळणावर गाडीची मागची बाजू दरीकडे सरकूं लागली. आंत वहिनी व दोन मुलें होतीं. शेजारीं बसल्या बसल्या आमचा पाय नसलेला ब्रेक शोधूं लागला! बंधूंनीं मात्र ब्रेकला स्पर्श केला नाहीं. त्यांनीं ॲक्सिलरेटरवरील पाय उचलला व हातांतील चाक दरीच्याच बाजूस अलगद वळविलें. गाडी सरळ झाली. मग कितीतरी वेळ कोणी बोललें नाहीं.

"फिरतें चाक वळण घेतें, जखडलेलें चाक नुसतें घसरतें," एवढेंच ते मागाहून म्हणाले.

हल्लींच्या मोटारींत चाक जखडूं नये म्हणून यंत्रच ब्रेक सेकंदांत अनेक वेळां धरतें व सोडतें. तरी गुळगुळीत बर्फावर गाडी थांबण्यास कोरड्या रस्त्याच्या कितीतरी पट अंतर लागतें. तें कोणत्याहि यंत्रानें नाहींसें केलेलें नाहीं. म्हणून हिवाळ्यांत तिकडे जाणाऱ्या वाचकांनीं, गाडी जुनी असो वा नवी, पुढील गाडीपासून भरपूर अंतर राखावें, उतारावर खालचा गिअर धरावा, आणि पोंचण्याची वेळ कोणासहि आधीं कळवूं नये.