रूथने बांधून नेलेला घास



धारवाडच्या पूर्वेला नवलगुंद, अण्णिगेरीकडच्या काळ्या रानात शाळू निघाला की आपल्या घरांतून कडक भाकरीचे काम सुरू होते. पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर कुरकुरीत करून बुट्टीत रचायची आणि वर फडके झाकायचे. नीट वाळली तर पंधरा दिवस सहज टिकते. हुबळीच्या खानावळीत ती आता हौसेने खातात, पाकिटातही मिळते. खेड्यात मात्र तिचा उपयोग साधा आहे. सुगीच्या दिवसांत बाईला रोज चुलीपुढे बसायला वेळ नसतो, आणि सरपणही वाचते. शेंगाचटणी, दही, कांदा असला की जेवण झाले.

मऊ भाकरी उरली तरी टाकत नाहीत. ताकात कुस्करतात, फोडणीला घालतात, अगदीच राहिली तर म्हशीपुढे जाते. ही सवय चांगलीच. तिच्यासाठी आपण योहानाच्या सहाव्या अध्यायाचा दाखलाही देतो. जवाच्या पाच भाकरी; जव म्हणजे त्या काळी गरिबाचे धान्य, जशी आपली जोंधळ्याची भाकरी. प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या.

पण तिथला क्रम बघा. आधी सगळे पोटभर जेवले, मग तुकडे गोळा झाले. आपल्या स्वयंपाकघरात हे नेमके उलटे होते. ताजी भाकरी पुरुषांना आणि मुलांना, आणि शिळीचा तुकडा रोज एकाच ताटात. काटकसर घराची असते, पण ती भोगते एकटी सून.

गृहभेटीत एका घरी गेले होते. सुनेच्या अंगात रक्त कमी, डॉक्टरांनी नीट खायला सांगितलेले. सासूबाई अगदी मायेने म्हणाल्या, "काय करू ताई, तिला उरलेलंच गोड लागतंय." सून खाली बघून हसली. त्या सासूबाईही उभा जन्म तेच खात आल्या होत्या, म्हणून त्यांना दोष द्यावासा वाटत नाही.

रूथच्या दुसऱ्या अध्यायात एक छोटी गोष्ट आहे, वाचताना ती सहज निसटते. दुपारी बवाजाने तिला जेवायला बोलावले, भाजलेले दाणे दिले. आपण हुरडा म्हणतो, इकडे सीतनी म्हणतात, तसेच काहीसे. ती परकी, विधवा, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी. तरी ती तृप्त होईपर्यंत जेवली, आणि जे उरले ते नामीसाठी घेऊन गेली. सुनेने सासूसाठी घास राखला, पण स्वतःचे पोट मारून नाही.

आणि तो सरवा तरी शेतात कुठून आला? लेवीय 19 मध्ये शेतमालकाला सांगितले आहे की कडेपर्यंत कापू नको, पडलेले वेचू नको, ते गरिबाचे आणि परक्याचे आहे. आपल्याकडेही भुईमूग काढल्यावर मागे राहिलेल्या शेंगा वेचायला बायका येतात. कोणी येऊ देतो, कोणी हाकलतो.

मिझोराममधल्या आपल्या बहिणी 1910 पासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढत आल्या आहेत. ती मूठ शिजवण्याआधी, घराच्या मापातून निघते. कोणा एकीच्या ताटातून नाही. मला ती रीत फार आवडते.

आमच्या ओळखीच्या एका घरात आजोबांनी हल्ली वेगळेच सुरू केले आहे. शिळी भाकरी असली की रात्री स्वतः तिचे चार-पाच तुकडे करतात आणि सगळ्यांच्या ताटात एकेक ठेवतात, मग प्रार्थना. पहिल्या दिवशी सून लाजून "नको मामा, असू द्या" म्हणाली. आता नातूच आधी विचारतो, "अज्जा, माझा तुकडा कुठाय?"