वजनाचा हिशेब आणि परकी मोजपट्टी

इंग्लंडमधील रीडिंग हे एके काळी बिस्किटांचे नगर म्हणून विख्यात होते. १८२२ साली स्थापन झालेल्या हंटले अँड पामर्स या पेढीचा तेथील कारखाना १९७६ साली बंद पडला. आज त्याच गावी चहात बुडवावयाच्या बिस्किटाचे उष्मांक मोबाईल क्षणार्धात सांगतो. काळाचा महिमा, दुसरे काय!

परंतु पुडक्यातील बिस्किटाला जे साधते ते घरच्या वरणाला साधत नाही. फोडणीत पडलेले तेल मोबाईलला दिसत नाही, आणि एका मोठ्या चमच्याभर तेलात सुमारे १२० उष्मांक असतात. यासाठी गृहिणीने एकदा तरी कणीक, डाळ व तेल तोलून आपली पाककृती त्या यंत्रात नोंदवावी. श्रम एका दिवसाचे. पुढे हिशेब खरा निघतो.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २०२१ साली वजन उतरविण्याचा बारा आठवड्यांचा विनामूल्य उपक्रम मोबाईल व संगणकाद्वारे सुरू केला. मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्या ज्या प्रौढाचा देहभार निर्देशांक, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा अंक, ३० वा अधिक आहे, त्याला डॉक्टर तेथे पाठवू शकतात. आशियाई वंशीयांसाठी मात्र ही मर्यादा २७.५ आहे.

हा भेद पक्षपाताचा नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! सडपातळ दिसणारा भारतीय आतून स्थूल असू शकतो, आणि म्हणूनच मधुमेह त्याला कमी वजनातही गाठतो.

मॉरिशसच्या उसाच्या मळ्यात राबणाऱ्या गिरमिटिया पूर्वजाला भाताचे ताट कष्टाने जिरत असे. नातवंडे कचेरीत बसू लागली. ताट मात्र तेवढेच राहिले. परक्या मापाने त्यांना ‘सर्व ठीक’ असा निर्वाळा मिळाला, तर तो धोक्याचा ठरतो.

मोबाईलच्या जोडीला शिंप्याची मोजफीतही घरात असावी. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा: १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचा ८० च्या आत.